महिरपीतले पुंडलिकराव

चहाच्या पाकिटावर वाघ असू नये, या एका मुद्द्यावर पुंडलिकराव गुल्हाने पाऊण तास बोलू शकत असत, आणि १९९८ सालच्या भाद्रपदात, वर्ध्यातल्या भूपेंद्रच्या छापखान्यात बसून, ते तसे बोललेही.

"वाघ चहा पीत नाही," ते म्हणाले. "चहा पिणाऱ्याला वाघ आठवत नाही. मळ्यात वाघ शिरलाच, तर पाने खुडणाऱ्या बाया पळून जातील आणि माल घटेल. म्हणजे वाघाचा चहाशी संबंध आलाच, तर तो नुकसानीचा. आता मला सांगा, तुम्ही हा वाघ का काढलात?"

भूपेंद्रने वाघ काढला नव्हता. तो कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होता. छापखान्यात वर्षभरापूर्वी आलेल्या त्या कॉम्प्युटरमध्ये वाघ, उगवता सूर्य, कपातून निघणारी वाफ आणि कप हातात धरून हसणारी बाई अशी तयार चित्रे भरलेली होती, आणि गेल्या दोन दिवसांत त्याने ती चारही पुंडलिकरावांपुढे मांडली होती. सूर्य सगळ्यांचाच असल्यामुळे तो एका चहाचा होऊ शकत नाही, असा सूर्यावर आक्षेप निघाला. वाफ नाकारली गेली, कारण पाकिटातला चहा थंड असतो. हसणाऱ्या बाईविषयी पुंडलिकरावांनी एवढेच विचारले, "ही कोण?" भूपेंद्रला सांगता आले नाही. जिची ओळख देता येत नाही ती व्यक्ती पाकिटावर राहू शकत नाही, असा निकाल लागला.

"साहेब, पब्लिकले भडक पायजे," भूपेंद्र म्हणाला. "लाल-पिवळं दुरून दिसते."

"आग लागली तरी ती दुरून दिसते," पुंडलिकराव म्हणाले.

पुंडलिकराव सव्वीस वर्षे कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात हेडक्लार्क होते. रुईच्या एका हरवलेल्या गाठीबद्दल त्यांनी रेल्वेला लिहिलेल्या पत्रातला एकही शब्द काढता येणार नाही, असे ते स्वतः सांगत. गाठ मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी. आदल्या दिवाळीत कारखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत चहाचा धंदा मांडला. नागपूरहून दोन जातींची पत्ती आणायची, आपल्या प्रमाणात मिसळायची आणि पाकिटे भरायची. चहा खरोखर उत्तम होता. ज्याने प्यायला त्याने दुसरा कप मागितला. अडचण एवढीच, की पांढऱ्या पिशवीतला तो बिननावाचा चहा एकही दुकानदार फळीवर ठेवीना.

आणि मुदत जवळ येत होती. मुदत पत्नी शकुंतलाबाई यांनी घातलेली असल्यामुळे तीत वाढ मिळण्याची सोय नव्हती.

"दसऱ्यापर्यंत पन्नास दुकानं झाली तर ठीक," त्यांनी सांगितले होते. "नाई झाली, तर मंग भैयाजीच्या दुकानात जाऊन बसाचं. घर काय पत्ती चावून चालते?"

भैयाजी हे शकुंतलाबाईंचे थोरले बंधू. त्यांचे कापडाचे दुकान होते. पुंडलिकराव तेथे एकदा एक दुपार बसून आले होते. "जवाईबापू, तुम्ही शिकलेले मानूस," भैयाजींनी त्यांना काम समजावून दिले होते. "गिऱ्हाइक म्हनन त्याले हो म्हनाचं, अन् थान उलगडाचं. बस." ज्या माणसाने आयुष्यात कोणालाही 'पण' लावल्याशिवाय 'हो' म्हटले नव्हते, त्याला ही शिक्षा जन्मठेपेहून कमी वाटली नाही. दसऱ्याला साडेतीन आठवडे उरले होते.

"पाकीट कसे असावे ते मी सांगतो," पुंडलिकराव भूपेंद्रला म्हणाले. "ज्याने ग्रंथ लिहिला तो त्यावर आपले नाव घालतो आणि बऱ्यावाईटाची जबाबदारी घेतो. ज्याने चहा मिसळला त्याने आपले तोंड दाखवावे. कागद पांढरा. शाई काळी. मध्यभागी लंबगोलात माझे छायाचित्र. तळाशी लहान अक्षरांत 'पुंडलिक चहा'. भिंतीवर लावायचे पोस्टरही हुबेहूब असेच. संपले."

"अन् रंग?"

"रंग गिऱ्हाइकाने कपात पाहावा."

सोबत आलेल्या शकुंतलाबाई इतका वेळ गप्प होत्या. आता त्यांच्याने राहवेना. "निदान भवताली फुलं तरी टाका बाप्पा. उघडंबोडकं दिसते ते."

फुले ही सवलत आहे की शरणागती, याचा पुंडलिकरावांनी क्षणभर विचार केला आणि ती सवलत ठरवली. भूपेंद्रने पडद्यावर नक्षीच्या चौकटी उघडल्या. त्यांतली एक पाहताच पुंडलिकराव पुढे झुकले. जाईजुईची एक नाजूक वेल दोन्ही बाजूंनी चढत जाऊन चित्राच्या माथ्यावर मिळत होती. कुठे भपका नाही, कुठे आरडाओरडा नाही.

"ही महिरप घ्या," ते म्हणाले.

"साहेब, ही महिरप आमी फक्त..."

"फक्त निवडक कामांना वापरता, हे दिसतेच आहे."

"तसं नाई साहेब, ज्या घरी..."

"ज्या घरी अभिरुची आहे त्या घरी ती शोभेल. पुढे चला."

भूपेंद्रचे ते वाक्य पूर्ण झाले असते, तर ही गोष्ट येथेच संपली असती. वर्ध्यातल्या निम्म्याअधिक मयतींची कार्डे भूपेंद्र छापत असे, आणि तेरवीच्या प्रत्येक कार्डावर, पुण्यस्मरणाच्या प्रत्येक पत्रकावर हीच जाईजुईची वेल चढवलेली असे. तशी कार्डे पुंडलिकरावांच्या घरीही येत. पण ते त्यांतला मजकूर चुका काढण्यासाठी वाचत आणि चौकटीकडे पाहतही नसत. राहता राहिले ते दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होऊ देणे. ती सवय त्यांना कधी लागलीच नव्हती, कारण पुढचा माणूस काय म्हणणार आहे हे त्यांना नेहमी आधीच ठाऊक असे, आणि तो काय म्हणाला असता तर अधिक बरे झाले असते, हेही.

दुसऱ्या दिवशी कच्चा नमुना निघाला. छायाचित्र कारखान्याच्या निरोपसमारंभातले होते, आणि त्यात पुंडलिकराव कॅमेऱ्याकडे ज्या गांभीर्याने पाहत होते, त्या गांभीर्याने माणूस सहसा फक्त हिशेब-तपासनिसाकडे पाहतो. चित्राच्या एका बाजूला 'संस्थापकाचे जन्मवर्ष १९४६' आणि दुसऱ्या बाजूला 'उद्योगाचे स्थापनावर्ष १९९८' असा मजकूर होता. तो त्यांनीच दिला होता. आता त्यांनी लाल पेन्सिल काढली.

"शब्दांची उधळपट्टी झाली आहे," ते म्हणाले. "माणसाच्या चित्राशेजारी सन असला, की तो त्याच्या जन्माचाच असणार. 'संस्थापकाचे जन्मवर्ष' काढा. दुसरा सन चालू वर्षाचा आहे. चालू वर्षी काय झाले, हे चालू वर्षातल्या माणसाला सांगावे लागत नाही. 'उद्योगाचे स्थापनावर्ष' काढा. वाचकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवावा."

आता डाव्या बाजूला १९४६ राहिले, उजव्या बाजूला १९९८ राहिले, आणि मध्ये, जुईच्या वेलीखाली, पुंडलिकराव राहिले.

भूपेंद्रने त्या नमुन्याकडे पाहिले. मग पुंडलिकरावांकडे पाहिले. "साहेब, घरी सारे ठीक हाय ना?"

"उत्तम आहे. छापा."

भूपेंद्रने छापले. गिऱ्हाइकाने सही केलेला नमुना जसाच्या तसा छापायचा, हा त्याच्या धंद्याचा नियम होता.

गठ्ठे घरी आले तेव्हा शकुंतलाबाईंनी एक पोस्टर उचलले, दूर धरले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अजी, हे मले काई बरं नाई दिसत. अन् पितरांचे दिवस लागले. अशा दिवसात पोराले घेऊन..."

"पितरांनाही चहा आवडत असे," पुंडलिकराव म्हणाले. "प्रफुल, उद्या सकाळच्या एसटीने निघ. आधी तालुके, मग जिल्ह्याचे गाव. सुरुवात रोहण्यापासून कर. ते आपले मूळ गाव आहे, तेथे मला सगळे ओळखतात."

प्रफुल हा त्यांचा मुलगा. वयाने तेवीस, स्वभावाने अबोल. बापाने सगळे बोलून टाकल्यावर मुलाच्या वाट्याला शब्द उरले नव्हते. तो तिसऱ्या खेपेला बी.कॉम. झाला होता, आणि त्यासाठी बोललेला नवस फेडायला चारच दिवसांपूर्वी तिरुपतीला जाऊन आला होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी पितृपक्षात, काखेत बापाच्या चित्रांची गुंडाळी घेऊन रोहण्याच्या स्टँडवर जो तरुण उतरला, त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

संध्याकाळी तो परत आला तो गोंधळलेला होता.

"किती दुकाने?" पुंडलिकरावांनी विचारले.

"रोहण्यातली तिन्ही, अन् येता येता पुलगावची चार. साऱ्यायनं माल घेतला."

"भाव किती पाडून मागितला?"

"भाव कोनीच नाई केला बाबा. मी पोस्टर काढलं का ते लोकं रेडिओ बंद करतात."

पुंडलिकरावांनी मान डोलावली. "पुढे?"

"नत्थूजी काकानं पोस्टर दोन हातानं घेतलं. कपाळाले लावलं. मंग देवाच्या फोटोपाशी ठेवलं अन् उदबत्ती लावली."

नत्थूजी हे रोहण्याचे किराणा दुकानदार आणि पुंडलिकरावांचे लहानपणापासूनचे सोबती. शेताच्या एका बांधावरून गेली अकरा वर्षे दोघांचे बोलणे बंद होते. तो नत्थूजी उदबत्ती लावतो, हे ऐकून पुंडलिकराव उठून उभे राहिले.

"ऐकलेस?" ते शकुंतलाबाईंकडे वळले. "हा संयमाचा परिणाम. वाघाला कोणी उदबत्ती लावली असती काय?"

"मले म्हने, हिंमत ठेवजो," प्रफुल सांगत होता. "अन् म्हने, मायले सांभाळजो."

"धंद्याच्या पहिल्या दिवशी असेच बोलतात."

पुढच्या दहा दिवसांत प्रफुल आर्वी करून आला, आष्टी करून आला. जेथे जाई तेथे तेच. दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहत. एकाने पोस्टर पाहून चप्पल काढली. आर्वीच्या एका मारवाडी शेटजीने प्रफुलच्या पाठीवरून हात फिरवला आणि देऊ केल्याच्या दुप्पट माल घेतला. प्रफुल या सगळ्याचे वर्णन जितके चाचरत करी, तितके पुंडलिकराव प्रसन्न होत. अभिजात गोष्टीपुढे माणूस आपोआप गप्प होतो, असे ते तीस वर्षे सांगत आले होते. आज ते किराणा दुकानांत सिद्ध होत होते. चव्वेचाळीस दुकाने झाली. दसऱ्याला दहा दिवस होते आणि केवळ सहा दुकाने उरली होती.

मग आष्टीहून एक पोस्टकार्ड आले. कारखान्यातले जुने सहकारी प्रभाकरराव यांनी ते शकुंतलाबाईंच्या नावे लिहिले होते. 'आम्ही सर्व आपल्या दुःखात सहभागी आहोत. ईश्वरेच्छेपुढे कोणाचे चालत नाही.'

"ह्यायनं मले श्रीमती काऊन लिवलं?" शकुंतलाबाईंचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला. "आजवर सौभाग्यवती लिवत होते."

"तो जुना प्रघात. श्रीमती हा शब्द अधिक भारदस्त आहे," पुंडलिकराव कार्डावर पेन्सिल चालवीत म्हणाले. "दुःख म्हणजे कारखाना बंद पडल्याचे. अकरा महिने उशिरा लिहिले आहे, पण प्रभाकररावांचे टपाल नेहमीच मागे असे. दुसऱ्या वाक्याला मात्र आधार नाही."

"अजी, मले आता खरंच भेव वाटते. ते पोस्टर..."

"पोस्टरमुळेच तर चव्वेचाळीस दुकाने झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. पुंडलिकराव पुढच्या खोलीत बनियनवर बसून पत्ती तोलत होते. त्यांनी खिडकीतून पाहिले. जीपमधून अकरा माणसे उतरली, आणि सगळी रोहण्याची. पुरुष पांढऱ्या टोप्यांत, बायांच्या तोंडाला पदर. सगळ्यांपुढे नत्थूजी. गावाने अभिनंदनाला शिष्टमंडळ पाठवले, असे पुंडलिकरावांच्या मनात आले, आणि अकरा वर्षांचा अबोला मोडायला नत्थूजी स्वतः आलेला पाहून ते हातातला तराजू ठेवून दाराकडे निघाले.

ते दारात पोचले आणि त्यांच्या चुलत बहिणीने, कमलाबाईने, पायरीवरच सूर धरला. तिचे डोळे मिटलेले होते आणि पदर तोंडावर होता.

"भाऊ रे माह्या, दुधासारखा होता रे, कोनाले वाकडं बोलला नाई रे..."

"कोण?" पुंडलिकरावांनी कुतूहलाने विचारले.

"माहा पुंडलिक रे," कमलाबाई सुरातच म्हणाली, आणि तिने डोळे उघडले.

कमलाबाई ज्या पायरीवर उभी होती तिच्यावरच मटकन बसली. नत्थूजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"पुंडलिक, तू हायेस?"

"प्रश्नच चुकीचा आहे," पुंडलिकराव म्हणाले. "मी नसतो, तर त्याचे उत्तर कोणी दिले असते?"

हे उत्तर दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाही, अशी नत्थूजींची खात्री पटली. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या दुपट्ट्यात जपून बांधलेले पोस्टर काढले. "मंग हे काय होय?"

"ही चहाची जाहिरात आहे. लंबगोलाचे तत्त्व असे, की..."

"लंबगोल राहू दे. हे सन काऊन टाकले?"

"एक माझ्या जन्माचा. दुसरा स्थापनेचा."

"कोनाच्या स्थापनेचा?"

"चहाच्या."

नत्थूजींनी पोस्टर उलटे करून पाहिले. तो खुलासा मागेही छापलेला नव्हता. "अन् ही मयतीची वेल?"

"कसली वेल?"

"मयतीची. माह्या बाच्या तेरवीच्या कार्डावर हेच होती. शेजारच्या बंडूच्या आजीच्या कार्डावर हेच होती. तुह्या घरी कार्ड आलं नाई का?"

"आले होते," पुंडलिकराव हळू आवाजात म्हणाले. "त्यात 'आशीर्वाद' चुकीचा छापला होता."

"अन् हे पोरगं डोक्याचा चकोट करून गावोगाव कायले फिरून राह्यलं मंग?"

आतल्या दाराशी उभा असलेला प्रफुल खाली मान घालून म्हणाला, "मी तिरुपतीले गेलतो. बी.कॉम. झालो मी." कोणीही त्याचे अभिनंदन केले नाही.

तेवढ्यात शकुंतलाबाई बाहेर आल्या. सगळ्या बायांनी आधी त्यांच्या कपाळाकडे पाहिले. कुंकू जागेवर होते. शकुंतलाबाईंनी पायरीवरची कमलाबाई पाहिली, नत्थूजींच्या हातातले पोस्टर पाहिले, आणि त्यांना पोस्टकार्डाचा अर्थ लागला.

"तीनदा तोंड उघडलं होतं मी," त्या म्हणाल्या. "तीनदा."

"गावानं सभा घेतली रे," नत्थूजी आता ओट्यावर बसले होते. "ग्रामपंचायतीसमोर. दोन मिनिटं सारे उभे राह्यले. शाळा अर्धी सोडली. मी भाषन केलं. म्हटलं, पुंडलिकनं कधी कोनाच्या बांधाची एक वीत खाल्ली नाई. आता मले सांग, खरं का खोटं?"

"मोजणीच्या नकाशानुसार तो बांध..."

"खोटं. तू खाल्ली. पन गेलेल्या मानसाबद्दल कसं बोलाव? पुऱ्या गावासमोर माफ करून टाकलं मी तुले. ते आता वापस कसं घेऊ?"

"अन् मी पुलगावपर्यंत रडत आली," कमलाबाई पायरीवरून म्हणाली. "तिथं जीप थांबली तर चहा घेतला अन् पुन्हा सुरू केलं. घसा बसला माहा. ह्याचं कोन भरून देईन?"

या सगळ्यावर पुंडलिकरावांना एकच उत्तर सुचले, आणि ते त्यांनी दिलेही. एका पोस्टरमुळे जर अख्खे गाव उभे राहत असेल, तर पोस्टर परिणामकारक नाही असे कोणी म्हणू शकणार नाही, असे ते म्हणाले. शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्या आत निघून गेल्या.

अकरा माणसांसाठी चहा झाला. प्यायल्यावर अकराही जणांनी दुसरा कप मागितला.

"चहा मस्त हाय रे तुहा," नत्थूजी बशी तोंडाला लावत म्हणाले. "तू मेल्यावर कळलं."

मयतीची बातमी तालुक्यात पसरायला दहा दिवस लागले होते. पुंडलिकराव जिवंत असल्याची बातमी दोन दिवसांत पसरली, आणि तिच्या मागोमाग माल परत येऊ लागला. दुकानदार चिडले होते. गेलेल्या माणसाच्या पोराला नाही म्हणायचे नाही म्हणून ज्यांनी पेट्या ठेवून घेतल्या, त्यांना आपण फसवले गेलो असे वाटत होते. आर्वीच्या शेटजींनी एसटीच्या पार्सलमधून पूर्ण माल धाडला आणि सोबत चिठ्ठी दिली, 'जिवंत माणसाने असे करणे शोभत नाही.' चिठ्ठीत एकही चूक नव्हती, आणि पुंडलिकरावांना तेच अधिक लागले. चव्वेचाळीस दुकानांची पाच दुकाने उरली. भैयाजींनी निरोप पाठवला, की जवाईबापूंसाठी गादी नवी भरून ठेवली आहे.

दसऱ्याला पाच दिवस असताना पुंडलिकराव भूपेंद्रच्या छापखान्यात जाऊन बसले.

"वाघ टाका," ते म्हणाले.

"वाघ गेला साहेब. नागपूरच्या एका चहावाल्यानं घेतला."

"सूर्य?"

"सूर्य देवळीवाल्यानं."

"ती बाई?"

"तिचं तर पाकीट बाजारात आलं साहेब. लाल-पिवळं. मस्त खपून राह्यली. आता वाफ तेवढी हाय. टाकू?"

पाकिटातला चहा थंड असतो, हे पुंडलिकरावांना आठवले. ते म्हणण्याइतकाही जोर त्यांच्यात उरला नव्हता. ते उठून घरी आले.

घराच्या ओट्यावर नत्थूजी बसले होते. त्यांना पाहून, बांधाचा विषय निघणार असे समजून, पुंडलिकरावांनी लांबूनच मोजणीच्या नकाशाची आठवण करून दिली. नत्थूजींनी हात वर केला.

"आज मी बोलतो, तू ऐक," ते म्हणाले. "मधात बोलला तर मी उठून जातो."

पुंडलिकराव बसले.

"परवा आमच्या गावात मयत झाली. तुले माहीत हाय, दुःखाच्या घरी चूल पेटत नाई. शेजारपाजारचे चहा-साखर घेऊन जातात. आता जानाऱ्यानं पाकीट कोन्तं न्याव? एकावर वाघ डरकाळी फोडून राह्यला. एकावर बाई दात काढून हासून राह्यली. रडत्या घरी हासती बाई कशी न्याव? तुहा माल मी वापस नव्हता केला. एकानं ते पाकीट नेलं. मंग दुसऱ्यानं तेच मागतलं. काळंपांढरं, फुलाची वेल, अन् तुह्यं ते तोंड. पाहून असं वाटते का ह्या मानसाले समजते. दोन दिवसात पेटी खपली. पुलगाववाले इचारून राह्यले, आर्वीवाले इचारून राह्यले. मले दोन पेट्या दे."

पुंडलिकराव तोंड उघडून पुन्हा मिटत होते. "मी पाकीट बदलतो आहे," ते कसेबसे म्हणाले. "थोडा लाल रंग, थोडी वाफ..."

"खबरदार. एक टिपका बदलला तर माल वापस."

पाच दिवसांत प्रफुल पुन्हा सगळे तालुके फिरून आला. या वेळी त्याच्या डोक्यावर बारीक केस आले होते आणि दुकानदार रेडिओ चालू ठेवत होते. त्यांना कोणाचीच कीव येत नव्हती. त्यांना फक्त माल हवा होता. आर्वीच्या शेटजींनीही पेटी मागितली आणि चिठ्ठीचा विषय काढला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी भैयाजी सोने द्यायला आले. आपट्याची पाने हातात घेऊन ते बैठकीत बसले आणि प्रफुलने दिलेली दुकानांची यादी त्यांनी बोट लावून मोजली. एकदा मोजली, दोनदा मोजली.

"त्रेपन," ते म्हणाले. "जिंकले जवाईबापू तुम्ही. आता ते गादी मीच वापरतो."

पुंडलिकरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी उत्तरात 'पण' घातला नाही. "शकुंतला, चहा ठेव," ते म्हणाले. "आपला."

भैयाजी चटकन पुढे सरकले. "नाई, नाई. मले पानी चालते."

"चहा उत्तम आहे."

"उत्तमच हाय. कोन नाई म्हनते? पन सनाचा दिवस हाय जवाईबापू, अन् देवाच्या दयेनं माह्या घरी सारे धडधाकट हायेत."

पुंडलिकराव उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. शकुंतलाबाईंनी तूरडाळीच्या डब्यामागे हात घातला होता, आणि त्या हातात लाल-पिवळ्या रंगाचे एक पाकीट आले. त्यावर कप धरून ती बाई हसत होती.

"ही कोण?" पुंडलिकरावांनी विचारले.

"सनावारची," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पत्ती उकळत्या पाण्यात टाकली.

कप बैठकीत आले. भैयाजींनी फुरका मारला आणि आवडल्यासारखे डोळे मिटले. पुंडलिकरावांनी एक घोट घेतला. मग आणखी एक. मग उरलेला चहा त्यांनी न थांबता संपवला.

"चहा बरा आहे," ते म्हणाले. "पण त्या पाकिटावरची ती बाई..."

शकुंतलाबाई किटली हातात घेऊन दारात उभ्या होत्या. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली होती, आणि नवऱ्याने एखादे वाक्य स्वतःहून अर्धवट सोडलेले त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते. "ती बाई काय?" त्यांनी विचारले.

पुंडलिकराव थोडा वेळ भिंतीवरच्या स्वतःच्या चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी कप पुढे केला.

"अर्धा आणखी," ते म्हणाले.